निजलेलं तांबं

वाघदऱ्याची भांडी जागी आहेत की निजलेली, एवढंच ठरवायला ऋजुता चिकणे निघाली होती. काम तसं सोपं होतं. पंचाईत एवढीच होती, की त्या भांडीघराची किल्ली तिच्या सख्ख्या आत्याच्या कमरेला होती.

साताऱ्याहून निघालेली विजेवरची जीप घाट चढत होती. मागच्या सीटवर तन्वीर शिकलगार मांडीवर यंत्राची पेटी घेऊन, खड्डा आला की तिला तान्ह्या पोरासारखा सांभाळत बसला होता. सरकारी कागदात त्या यंत्राला ‘स्तरवाचक’ म्हणत. पथकातली माणसं त्याला कोंबडा म्हणत. भांडं वापरातलं निघालं की यंत्र आरवल्यासारखं वाजे, आणि निजलेलं असलं की गप्प बसे.

‘निजधातू’ हा शब्द ऋजुताचाच. जगात तांब्याचा दुष्काळ पडला होता. मोटारींना, पवनचक्क्यांना, घरोघरच्या बॅटऱ्यांना तांबं हवं, आणि ते मिळवायला डोंगरच्या डोंगर फोडायचे. विद्यार्थी असताना ऋजुता अशा एका खाणीच्या खालच्या खोऱ्यात राहिली होती. तिथल्या बायका नदीकाठी राहून पाणी टँकरचं पीत. तिथून परतल्यावर ती आपल्या घराचा माळा आवरायला चढली आणि हंडे, घागरी, परातींच्या ढिगाकडे बघत तशीच बसून राहिली. देशभरच्या माळ्यांवर एक अख्खी खाण पडून होती. ती नुसती उतरवायची होती.

त्यातून योजना उभी राहिली. नवं काढायच्या आधी आहे ते वापरा. वस्तूचा हिशेब ती दुकानात येते तिथून धरू नका, ती दगडातून निघते तिथून धरा, पार तिची माती होईपर्यंत धरा. आणि जे भांडं दहा वर्षांत चुलीवर चढलेलं नाही, ते निजलेलं. ते भट्टीत जाईल, त्याची तार होईल, आणि कुठला तरी डोंगर वाचेल. त्या बदल्यात घराला तालुक्याच्या वस्तुपेढीतून हवं तेव्हा भांडं वापरायला मिळेल.

पहिल्या वर्षी माणसांना नुसतं विचारलं. “वापरता का हो?” प्रत्येक जण म्हणाला, “तर! रोज.” लग्नात आलेल्या, वरचं स्टिकरसुद्धा न काढलेल्या पातेल्यांबद्दलही लोक बेधडक तसंच सांगत. तेव्हा ऋजुताने नियमात एक वाक्य घातलं : माणसाचा शब्द धरू नये, धातूचा धरावा.

धातूचा शब्द ऐकायचा तो असा. तांब्यापितळेचं भांडं विस्तवावर तापलं की त्याच्या वरच्या थराला हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि निवताना तिथे एक पापुद्रा धरतो. तो इतका पातळ असतो, की केसाच्या जाडीत असे शेकडो मावावेत. पुन्हा तापलं की पुन्हा एक. रोजच्या धुण्याने हे पापुद्रे जात नाहीत. कोंबडा त्यांच्यावर प्रकाशाची बारीक तिरीप टाकी. प्रत्येक पापुद्र्यावरून ती थोडी मागेपुढे परते, आणि त्या फरकावरून भांडं किती वेळा चुलीवर चढलं आणि शेवटचं कधी, ते कळे. पापुद्रेच नसतील, तर भांडं कधी वापरलेलंच नाही. हा शेवटचा अंदाज ऋजुताचा होता, आणि तो कोणालाच खटकला नव्हता.

“मॅडम, स्वतःच्या गावाला तुम्ही आला नसता तरी चाललं असतं,” तन्वीर म्हणाला.

“दुसरं कोणी आलं असतं तर आत्याने मला जन्मभर ऐकवलं असतं.”

“आणि आता?”

“आता काय! कोंबडा आरवेल, आत्या चहा देईल, आपण परत.”

तिला खरंच काळजी नव्हती. वाघदऱ्याची भांडी म्हणजे गावकीची भांडी. मुंबईला हमाली करणाऱ्या वाडीतल्या माणसांनी एकेकाळी पोटाला चिमटा काढून ती घेतली होती. कोणाच्या घरचं लग्न असो, बारसं असो की तेरावं, भांडी देवळातून जायची आणि लख्ख होऊन परत यायची. नेणाऱ्याने रिकामी आणून ठेवायची नाहीत, आत घासभर का होईना पण काही तरी गोड घालूनच ठेवायची, अशी रीत होती. आणि वाडीची भांडी ओढ्यापलीकडे जायची नाहीत, हाही नियम. तो छबूआत्या तलाठ्यालाही मोडू देत नसे.

आई गेल्यावर ह्याच आत्याने ऋजुताला वाढवलं होतं. वेणी घालताना केस ओढायची, पण परीक्षेच्या दिवशी एस.टी. पकडून देण्यासाठी घाटाच्या तोंडापर्यंत सोबत यायची. आता सत्तरी ओलांडली होती, तरी भांडीघराची किल्ली तिने कमरेवरून उतरवली नव्हती.

जीप भैरवनाथाच्या देवळापाशी थांबली आणि तन्वीर “अरे वा!” म्हणून ओरडलाच. सभामंडपात भांडी ओळीने मांडली होती. हंडे, पातेली, परातीएवढी झाकणं, आणि मधोमध आमटीचं ते अजस्र पातेलं, ज्यात लहानपणी लपाछपीला ऋजुता लपली होती. सगळी अशी झळकत होती, की उन्हात बघवेना. वाडीतल्या बायका काळ्याकुट्ट हातांनी, पदर खोचून, कौतुकाच्या अपेक्षेने उभ्या होत्या.

“बघ,” छबूआत्या म्हणाली. “तुझ्या सायेबांना सांग, वाघदऱ्याला गबाळं काम न्हाय चालत. चार दिस राबतोय समदी. तू येणार म्हटल्यावर काळी भांडी म्होरं ठेवू व्हय?”

“सुंदर दिसतायत गं आत्या,” ऋजुता म्हणाली, आणि ते मनापासून होतं.

तन्वीरने मोठ्या पातेल्याच्या पोटाला कोंबड्याची चोच लावली. सगळ्या गप्प झाल्या. कोंबडाही गप्प. त्याने जागा बदलली. कोंबडा गप्पच. मग हंडे झाले, घागरी झाल्या, झाकणं झाली. एक साधा चिर्र आवाजसुद्धा आला नाही. पडद्यावर प्रत्येक वेळी तेच उमटत होतं : पापुद्रे नाहीत, वापर नाही.

“काय म्हणतंय त्ये?” आत्याने विचारलं.

ऋजुता पडद्यावरची ओळ पुन्हा पुन्हा वाचत होती. शेवटी तन्वीरनेच खाली मान घालून सांगितलं, “ह्यात कधी काही शिजलेलं नाही, असं म्हणतंय, आत्याबाई.”

बायका आधी हसल्या. यंत्र बिघडलं असेल म्हणून एकीने कोंबड्याला हळूच टपली मारली. पण ऋजुताचा चेहरा बघून हसणं विरलं.

“आगं, तुझ्या बापाच्या दिसाला ह्येच्यातच आमटी केली व्हती,” आत्या म्हणाली. “तू वाढत व्हतीस. तुझ्या हातानं.”

“माहीत आहे आत्या.”

“मग लिव्ह की तसं.”

“माझं लिहिलेलं चालत नाही. माणसाचा शब्द धरायचा नाही, असा नियम आहे.”

“कुणा मुडद्यानं केला असला नियम?”

ऋजुता पेटीचा पट्टा उगाच घट्ट करू लागली. आत्याला कळायला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागला. मग तिने कमरेची किल्ली काढली आणि यंत्राच्या पेटीवर ठेवली.

तन्वीर भला माणूस. तो ऋजुताला बाजूला घेऊन कुजबुजला, “मॅडम, मागच्या गावातल्या एका हंड्याची नोंद आहे माझ्याकडे. चांगला आरवला होता कोंबडा. तीच इथे टाकतो. कोण बघतंय?”

क्षणभर तिला मोह झाला, नाही असं नाही. वडिलांच्या तेराव्याची आमटी तिच्या जिभेवर आली होती. पण ती म्हणाली, “नको रे. माझी आत्या म्हणून खोटं करायचं, मग बाकीच्या गावांनी काय पाप केलं होतं?”

ते वाक्य ती सहज बोलून गेली. पुढच्या तासाभरात तेच तिच्या मानगुटीवर बसणार होतं, ह्याची तिला कल्पना नव्हती.

आत्या एवढी दुखावली होती, तरी तिने दोघांना उपाशी सोडलं नाही. “भांडी न्ह्या, पर जेवून जावा. हात धुवा,” असं म्हणून तिने भाकरी थापायला घेतली. तन्वीर पाटाच्या कडेवर अवघडून बसला होता. आत्या तव्याकडे बघून बोलत होती, म्हणजे ऋजुताशी बोलत नव्हती आणि तरीही बोलतच होती.

“कल्हईसाठी त्या इसाकच्या किती नाकदुऱ्या काढल्या. त्याला यायला सवड कुठाय! तालुक्यात त्यो एकलाच उरलाय. म्हणतो, आत्याबाई, भाची तुमची, पर धंदा माझा वाढला. सर्वेची जीप जाती, तिच्या म्होरल्या गावात मी आधीच पोचलेलो असतो. सरकार भांडी बघाय येणार म्हटल्यावर काळी कोण ठेवतंय? आधी चिंच-मिठानं, मग त्येचं आसिड, मग नवसागर, मग कल्हई. पार नवी नवरी करून सोडतो भांड्याला.”

ऋजुताचा घास हातातच राहिला.

घरची भांडी साबणाने धुतली तर पापुद्रे राहतात, हे तिने प्रयोगशाळेत शंभरदा तपासलं होतं. कल्हई तिने तपासली नव्हती. कल्हईवाले कधीच संपले, असं तिने कुठे तरी वाचलं होतं आणि पुढे गेली होती. आम्लाने पापुद्रे धुऊन निघणार, हे कोणी विचारलं असतं तर तिने झोपेतसुद्धा सांगितलं असतं. कोणी विचारलंच नव्हतं.

आणि मग तिच्या डोळ्यांपुढून ती सगळी गावं गेली. प्रत्येक देवळात झळकणाऱ्या ओळी. काळे हात पाठीमागे लपवणाऱ्या बायका. ‘ग्रामस्थांनी भांडी अत्यंत स्वच्छ ठेवलेली आढळली,’ असं तिने प्रत्येक अहवालात कौतुकाने लिहिलं होतं. माळ्यावर लोळणारी घरगुती भांडी कोणी घासायला घेतली नव्हती. तिथे कोंबडा बरोबर बोलला. पण सगळ्यांची म्हणून जी होती, पाहुणा येणार म्हणून सगळ्यांनी मिळून जी उजळली, नेमकी तीच त्याने निजलेली ठरवली होती.

ती हात धुवून तडक देवळाकडे निघाली. तन्वीर मागे धावला. भाकरी तव्यावर टाकून आत्याही आली.

मोठ्या पातेल्यापुढे ऋजुता गुडघ्यांवर बसली. पोट लख्ख, बूड लख्ख, कड लख्ख. काठाखाली ठोक्याठोक्याने घातलेलं नाव होतं : ‘श्री भैरवनाथ ग्रामस्थ मंडळ, मुंबई. कै. धोंडिबा चिकणे यांचे स्मरणार्थ.’ धोंडिबा तिचे पणजोबा. लहानपणी अक्षरं शिकताना ह्याच ठोक्यांवरून तिने बोट फिरवलं होतं. आताही तिने ते फिरवलं, आणि बोटाचं टोक काळं झालं.

“अक्षरातलं काळं ऱ्हातंच मेलं,” आत्या मागून ओशाळून म्हणाली. “कितीबी घासा. चिंच आत पोचत न्हाय.”

“तन्वीर,” ऋजुता म्हणाली, “तारा तपासायची बारीक चोच आणलीय ना? ती लाव. इथे. ‘भै’मधल्या ठोक्यात.”

तन्वीरने चोच बदलली, श्वास रोखून ती त्या खळगीत टेकवली, आणि कोंबडा आरवला. असा आरवला, की देवळावरची कबुतरं उडाली. पडद्यावर पापुद्र्यावर पापुद्रा चढत गेला. लग्नं, बारशी, तेरावी, भैरोबाच्या जत्रा. वरून थोड्याच खालचा एक जाड पापुद्रा ऋजुताने ओळखला. तो वडिलांच्या तेराव्याचा. त्या दिवशी सारं खोरं जेवायला आलं होतं आणि चूल सकाळपासून विझली नव्हती.

बायकांनी एकच गलका केला. आत्याने डोळ्यांना पदर लावला आणि लगेच रागावून काढला. “आता लिवशील न्हवं?”

ऋजुता देवळाच्या पायरीवर बसून राहिली.

“आता काय झालं? आरवलं की तुझं कोंबडं!”

“आत्या, बाकीच्या गावांतली गेली गं. कुंभरोशी, सायघर, पिंपळवणे... सगळी अशीच घासलेली होती. मी नेली. त्यांच्याही अक्षरांत असंच असणार होतं. ती वितळून गेली.”

तन्वीर म्हणाला, “मॅडम, वाघदऱ्यापुरता अपवाद लिहू. विशेष तपासणी म्हणून. तेवढं तर खोटं नाही. मागचं कोण उकरून काढणार आहे?”

“मी कारण लिहिलं की मागचं आपोआप निघेल. आणि कारण न लिहिता ही भांडी सोडता येत नाहीत.”

आत्याला यंत्रातलं काही कळत नव्हतं, पण भाचीचं तोंड तिला पाठ होतं. ती शेजारी येऊन बसली. “त्ये लिवलंस तर तुझ्या नोकरीचं काय?”

“माहीत नाही.”

आत्या उठून त्या झळकणाऱ्या ओळीपाशी गेली. मग तिने पेटीवरची किल्ली उचलून ऋजुताच्या हातात कोंबली.

“मग नगं लिवूस. घेऊन जा भांडी. वाडीला मी बघून घेईन. पुन्यांदा वर्गणी काढू, दुसरी घेऊ. तू घाट उतरून शाळंत जायचीस, त्ये काय ह्या पातेल्यापायी घरी बसायला? भांड्यांचं काय, परत आणता येत्यात.”

ऋजुताला रडू फुटलं. आत्याने शिव्या दिल्या असत्या तर तिला सोसलं असतं.

“नाही गं आणता येत आत्या,” ती म्हणाली. “तेच तर आहे.”

तिने तिथूनच संचालक देवस्थळींना फोन लावला. ते वाईट गृहस्थ नव्हते. योजनेसाठी त्यांनी रक्ताचं पाणी केलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि थकल्या आवाजात म्हणाले, “ऋजुता, आपल्या आकड्यांच्या भरवशावर सरकारने खाणींचे परवाने रोखलेत. हे बाहेर आलं तर लोक म्हणतील, सगळीच योजना खोटी. पुन्हा सुरुंग लागतील. तुझ्या त्या खोऱ्यातल्या बायकांना काय सांगशील?”

“सर, योजना थांबवा असं मी म्हणत नाही. भट्टी थांबवा. माळ्यावरचं तांबं निजलेलंच आहे, ते मिळेल. पण गावकीची भांडी पुन्हा तपासून होईपर्यंत एकही वितळायचं नाही. जे केल्यावर परत फिरवता येत नाही, त्याची खात्री नसेल तर थांबायचं, हे आपण प्रत्येक कारखानदाराला सुनावतो. आपल्याला तो नियम का नाही?”

“लेखी पाठव,” ते म्हणाले. “आणि तुझ्या नावाने पाठव. माझ्याच्याने तुला वाचवणं होणार नाही.”

तिने तसंच पाठवलं, आणि किल्ली पुन्हा आत्याच्या कमरेला अडकवली.

भट्टी थांबली. खाणींचे परवाने रोखलेलेच राहिले. ऋजुताने त्या निर्णयाची बातमी दोनदा वाचली, तेव्हा तिला विश्वास बसला. वर्तमानपत्रांनी मात्र तिची यथेच्छ सालटी काढली. चौकशी झाली, तिचं पद गेलं आणि एका प्रशिक्षण केंद्रात तिची रवानगी झाली. तिथे कोंबडा कसा धरावा हे ती नव्या मुलांना शिकवू लागली. पहिला धडा तिने स्वतःच घातला होता : कोंबडा गप्प बसला म्हणजे भांडं निजलेलं नव्हे, आपल्याला ठाऊक नाही एवढंच. गावकीच्या वस्तूंना वेगळा नियम आला. जे एकाचं नाही आणि सगळ्यांचं आहे, ते किती वेळा वापरलं हे न बघता किती जण वापरतात हे बघायचं.

रजा काढून ती त्या गावांनाही जाऊन आली. झालेली चूक सरकारी पत्राने कळावी, हे तिला पटेना. लोक ओरडले, काही ठिकाणी नुसते गप्प बसले. सायघरला मात्र एका म्हाताऱ्याने, महादू ढेबे त्यांचं नाव, सगळं शांतपणे ऐकून घेतलं, तिला पाणी दिलं आणि विचारलं, “बरं बाई, चुकलं ते चुकलं. पर नातीचं लगीन धरलंय. आमटी कशात करू?”

वस्तुपेढीतलं मोठं पातेलं त्या तारखेला आधीच दुसरीकडे जाणार होतं.

तिने ते आत्याला सांगितलं, काही मागायला म्हणून नाही, मनात सलत होतं म्हणून. आत्या तांदूळ निवडत होती. ते निवडून झाले, पाखडून झाले, मग तिने सूप बाजूला ठेवलं. सायघर ओढ्याच्या पलीकडे होतं. वाघदऱ्याचं आणि सायघरचं जुनं वाकडं होतं, कशावरून ते कोणालाच आठवत नव्हतं.

“त्या ओढ्याला आता तसं पाणी तरी कुठं उरलंय,” आत्या शेवटी म्हणाली आणि कमरेची किल्ली काढली. “त्येस्नी सांग, टेंपो घेऊन या. आन् पातेलं दोघांनी धरा म्हणावं, काठाला धरून ओढू नका.”

लग्नानंतर भांडी परत आली तेव्हा ऋजुता मुद्दाम वाघदऱ्याला आली होती. टेंपोतून स्वतः महादू ढेबे उतरले. पातेलं घासलेलं होतं, वर धुतलेलं फडकं बांधलेलं होतं. आत्याने गाठ सोडली. वाघदऱ्याची रीत सायघरला कोणी सांगितली नव्हती, पण पातेल्याच्या तळाशी केशरी बुंदीचा ढीग होता.

पोराबाळांत बुंदी वाटून झाली. पाहुण्यांनी घासलेली भांडी पुन्हा स्वतः घासल्याशिवाय आत ठेवायची नाहीत, हा आत्याचा आणखी एक नियम. बायका राख आणि चिंच घेऊन बसल्या. एकीने मोठं पातेलं आडवं केलं आणि काठाखालचं नाव काथ्याने कराकरा घासायला घेतलं.

“ए बयांनो,” आत्या पायरीवरून ओरडली, “बाकीचं समदं लख्ख करा. नावं तेवढी घासू नका. ऱ्हाऊ द्या काळं.”

ऋजुताचं तोंड बुंदीने भरलेलं होतं, म्हणून तिला काही बोलता आलं नाही, आणि ते बरंच झालं.